उष्टावणाचा चमचा

१

"हा चमचा माझा नाही."

चंद्रप्रभाबाई हे इतक्या शांतपणे म्हणाल्या, की टाळ्या वाजवणाऱ्यांना ते आधी ऐकूच गेलं नाही. गुरुग्रामच्या 'तूपभात' या मराठी रेस्टॉरंटमधली शनिवारची दुपार अगदी भरात होती. कोपऱ्यातल्या लांब टेबलावर त्यांच्या नातीचं, चिमीचं, उष्टावण नुकतंच पार पडलं होतं. चिमीच्या झबल्यावर खीर, तिच्या मामाच्या शर्टावर खीर, आणि सगळ्यांच्या मधोमध शिवांगी उभी होती, अजून धापा टाकत, अजून हसत. इतका फक्कड खेळ तिच्या हातून आजवर झाला नव्हता.

शिवांगी आठवडाभर एका आयटी कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची. शनिवारी मात्र ती टेबलाटेबलावर जाऊन जेवणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत चमचे वाकवायची. आजही तिनं हॉटेलचा स्टीलचा चमचा उचलला, दोन बोटांत धरला, त्याच्या मानेवर अंगठा फिरवला आणि तो मेणाचा असावा तसा लवला. चिमीचे बाबा, अनुराग, यांनी दुसरा चमचा घेऊन दातओठ खात जोर लावला. काही हललं नाही. टेबलावरचे सगळे खदखदून हसले.

"त्यात काहीतरी गडबड असेल," आजी हट्टाला पेटल्या. "हा वाकव बरं!"

त्यांनी पुढे केला तो उष्टावणाचा चांदीचा चमचा. आता दुसऱ्याच्या घरची जपलेली वस्तू खरोखर वाकवायची नसते, एवढं शिवांगीला शिकवलेलं होतं. तिनं तो फक्त वाकल्यासारखा दाखवला. रुचिताताई, म्हणजे चिमीची आई, चक्क किंचाळली. मग शिवांगीनं फुंकर मारून तो सरळ केला आणि आजींच्या हातात परत ठेवला.

पण आजींनी तिची हातचलाखी पकडायची म्हणून पर्समधून चष्मा काढून लावला होता, आणि त्या चष्म्यानं भलतीच गोष्ट पकडली.

"याच्या पाठीवर कमळ होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या आजेसासूबाईंनी कोरून घेतलेलं. आमच्या घरातल्या प्रत्येक पोराच्या तोंडात पहिला घास याच चमच्यानं गेलाय. कमळ कुठे गेलं?"

दांड्याची पाठ गुळगुळीत होती. तो चमचा हातोहात फिरला आणि मग एकेक करत सगळ्या नजरा शिवांगीवर येऊन थांबल्या.

२

"जादूगार टेबलाशी आली आणि चांदीचा चमचा गेला," अनुरागची बहीण चेतना म्हणाली. चेतनाचा चांदीच्या दागिन्यांचा ऑनलाइन धंदा होता आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, असा तिचा एकूण कारभार. "यात शोधायचं काय, यार?"

शिवांगी तडक पुढे झाली. तिनं खिसे टेबलावर रिकामे केले. पत्त्यांचा कॅट, सुतळीचा तुकडा, एक लिंबू आणि स्टीलचे चार वाकडे चमचे. चांदी कुठेच नव्हती.

"जादूगाराच्या खिशात सापडलं तर तो जादूगार कसला!" चेतना म्हणाली. हीच तर गंमत होती. इतर कुणावर आळ आला असता तर झडती घेऊन तो निर्दोष ठरला असता. शिवांगीच्या बाबतीत जितकं काही सापडेना, तितका संशय पक्का होत गेला.

रेस्टॉरंटचा मालक यशोधन तिला बाजूला घेऊन गेला. पुण्याहून आलेला, गोड बोलणारा माणूस, पण आता कपाळाला आठ्या होत्या.

"शिवांगी, आज तुला कायमचे शनिवार देणार होतो. बिल्कुल ठरलं होतं. पण इथे लोक हात धुवायला जाताना अंगठ्या काढून टेबलावर ठेवतात. तू समोर असताना त्यांनी त्या परत बोटात घातल्या, तर माझ्या हॉटेलचं काय राहिलं?"

"मी नाही घेतला, यशोधनदादा."

"मला माहितेय. त्यांना पटवून दे. उद्या संध्याकाळपर्यंत."

शिवांगी परत टेबलाशी आली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हींमध्ये राग वरचढ होता. "आजी, मला उद्याचा दिवस द्या. तुमचा चमचा मी शोधून आणते."

"पोलिसात मी जाणार नाही," आजी म्हणाल्या. "पोरीचा शुभ दिवस आहे. पण एक ऐकून ठेव. खोट्या चमच्यानं झालेलं उष्टावण आमच्यात धरत नाहीत. माझी नात अजून उष्टावायचीच आहे."

त्यांनी तो खोटा चमचा तिच्या हातात दिला. आणि देताना, शिवांगीनं बघितलं, त्यांनी दुसऱ्या हातानं आपली अंगठी झाकून घेतली.

३

शिवांगीच्या गुरू सुरेखा मॅडम पहाडगंजमध्ये भांड्यांच्या एका घाऊक दुकानाच्या वर राहायच्या. हयात मराठी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली आणि निवृत्तीनंतर त्यांनी जे शिकवायला घेतलं, ते ऐकून जुन्या सहकाऱ्यांनी कपाळाला हात लावले. मॅडमचं म्हणणं साधं होतं. प्रयोग बघताना मुलं जसे डोळे विस्फारतात, तसे मोठी माणसं फक्त जादू बघताना विस्फारतात. मग विषय बदलला कुठे?

खालच्या दुकानातून चमचे किलोवर यायचे. शिवांगी पहिला महिनाभर नुसता भास शिकली, चमचा न वाकवता वाकल्यासारखा दाखवायचा. मग खरं वाकवणं आलं. अंगठ्याची सालं निघाली. चमच्याची मान सापडेपर्यंत कुठला अंगठा लावायचा तेच कळेना. घरी सरावाला चमचे कमी पडले तेव्हा तिनं आईच्या स्वयंपाकघरावर धाड घातली. वाकवायचे आणि हळूच सरळ करून फडताळात ठेवायचे. आईला पत्ता लागायचा तो लागलाच, कारण एकदा वाकलेला चमचा कितीही सरळ केला तरी ताटलीत नीट बसत नाही, डुगडुगतो. "या घरात एक चमचा धड राहिला नाही," आई ओरडायची. "पाहुणे आले की मी खीर वाटीनंच प्यायला देते!"

त्या संध्याकाळी मॅडमनी सगळी हकीकत ऐकली. मग विचारलं, "तुझ्या खेळात चमचा कधी वाकतो?"

"लोक बघत असतात तेव्हा."

"खरं सांग."

शिवांगी ओशाळली. "त्याआधीच. मी त्यांना नाव-गाव विचारत असते, तेव्हा टेबलाखाली मी निम्मा वाकवून बसलेली असते."

"म्हणजे जादू सुरू झाली असं लोकांना वाटतं, तोवर ती होऊन गेलेली असते. मग ज्यानं कुणी चमचा बदलला, तो तुझ्याहून अडाणी आहे असं का धरून चालतेस?"

शिवांगी जागच्या जागी ताठ झाली. इतका वेळ ती आपल्याच त्या दोन मिनिटांमध्ये चोर शोधत होती. कुणाचा हात पुढे आला, कोण वाकलं, कोण उठलं. आणि चमचा तर तिच्या हातात येण्याआधीच बदललेला असू शकत होता!

"हातात घेतलास तेव्हा मान कशी लागली?" मॅडमनी विचारलं.

"ताठ. हॉटेलच्या चमच्यासारखीच."

"चांदी कधी वाकवली आहेस?"

"नाही."

मॅडम नुसतं "हं" म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. जिना उतरताना शिवांगी दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत होती.

४

रविवारी सकाळी ती मेट्रोनं सरोजिनी नगरला पोचली. बाजारातल्या कपड्यांच्या ढिगांमधून वाट काढत सरकारी क्वार्टर गाठलं आणि बेल दाबली. दार उघडलं संग्रामनं, आजींचा मुलगा, चिमीचा मामा. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, आईसोबत राहणारा, घरात असून नसल्यासारखा गप्प माणूस. काल शर्टावर खीर होती, आज अंगठ्याला चिकटपट्टी होती.

"या ना, बसा," तो म्हणाला. "पोहे घेणार? मीच केलेत."

त्या घरात तिच्याशी गोड बोलणारा तो एकटाच निघाला. रुचिता आणि अनुराग बाळाला घेऊन आले होते, चेतनाही होती. सगळे तिच्याकडे असे बघत होते, जणू ती सोफासुद्धा गायब करील. संग्रामनं बशी हातात दिली. चमचा बशीत डुगडुगला, शिवांगीनं सवयीनं तो बोटानं थांबवला आणि कामाला लागली.

"आजी, कमळ तुम्ही शेवटचं कधी बघितलं?"

"सोमवारी. जावईबापू पॉलिश करून घेऊन आले तेव्हा. दागिना घराबाहेर जाऊन आला की मी पारखूनच घेते. कमळ होतं. मग लाल फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला तो काल काढला. चष्मा पर्समध्ये राहिला, नाही तर तिथेच बघितलं असतं."

"मी सोमवारनंतर इकडे फिरकलोच नाही," अनुराग लगेच म्हणाला. "ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. कालही आम्ही थेट हॉटेलात भेटलो."

"आणि मी शुक्रवारी आले होते, लपवायचं काय त्यात?" चेतना म्हणाली. "चिमीसाठी असाच एक छोटा चमचा घडवायचा विचार होता. आईंनी कपाटातून फडक्यासकट दिला, मी पाठपोट फोटो काढले आणि परत ठेवला. बघ ना. अगदीच साधा आहे. याचं एवढं कौतुक का, ते मला कळलंच नाही."

तिनं मोबाईल पुढे केला. शिवांगीनं फोटो मोठा करून बघितला. दांड्याची पाठ स्वच्छ, गुळगुळीत होती. तिनं मोबाईल परत दिला.

मग रुचितानं उष्टावणाचा व्हिडिओ दाखवला. वाटीतून वाफा येताहेत. संग्रामनं खीर ढवळून चमचा तसाच आत ठेवलाय. मग फोटो, आधी आजीचे, मग घरून आणलेल्या आजोबांच्या तसबिरीसोबतचे, मग सगळ्यांचे. चमचा आपला खिरीत उभा. शेवटी मामानं तो दांड्याला धरून उचलला, हळूहळू फुंकर मारली आणि चिमीच्या ओठांना लावला.

आजी व्हिडिओ बघून स्वतःशीच हसल्या. "आमच्या वेळी सासूबाई हा चमचा पदरानं धरायच्या. खिरीत ठेवला की दांडासुद्धा हात लावू द्यायचा नाही. माझ्या लेकाची बोटं मात्र फाइली उचलून निबर झालीत."

संग्राम तिला दारापर्यंत सोडायला आला. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "एक विचारू? काल तो पहिला, स्टीलचा चमचा. तो तुम्ही खरंच वाकवलात ना? भास नव्हता तो?" त्याचे डोळे असे लुकलुकत होते, की शिवांगीला त्या धांदलीतही हसू आलं.

"खरंच वाकवला, दादा."

"ग्रेट," तो म्हणाला, आणि घाईनं आत वळला.

बाहेर पडताना शिवांगीच्या मनात एकच नाव घुमत होतं. चांदीचा धंदा कुणाचा? चमचा एकांतात कुणाच्या हाती आला? चेतना! ती जवळजवळ पळतच मेट्रोत शिरली. आणि ते नाव साफ चुकीचं होतं.

५

घरी आई जेवायला वाढत होती. "कितीदा सांगितलं, जेवायच्या टेबलाशी नाचू नकोस."

"नाचत नाहीये गं, मिळाला चोर!" शिवांगीनं सगळं धडाधड सांगून टाकलं. आईनं आमटीचं पातेलं खाली ठेवलं.

"अगं, पण तिनं चोरला असता तर बिनकमळाच्या पाठीचा फोटो तुला स्वतःहून दाखवला असता का?"

शिवांगी थांबली. खरंच की. चोर आपल्याच विरुद्धचा पुरावा मोबाईलमध्ये कौतुकानं मिरवत नाही. तो फोटो चेतनाला अडकवत नव्हता, सोडवत होता. म्हणजे शुक्रवारी तिनं फडकं उघडलं, तेव्हा आत खोटाच चमचा होता. सोमवारी खरा, शुक्रवारी खोटा. अनुराग मधल्या दिवसांत तिथे गेलाच नव्हता. मग उरलं कोण? त्या घरात राहणारी दोन माणसं. आजी स्वतःचाच चमचा कशाला बदलतील? आणि संग्राम? पोहे करून घालणारा, दारापर्यंत सोडायला येणारा संग्राम? त्याला चांदीचा चमचा काय करायचाय?

"जेव आधी," आई म्हणाली आणि तिच्यापुढे ताटली सरकवली. चमचा ताटलीत डुगडुगला. शिवांगीनं तो सवयीनं बोटानं थांबवला.

आणि तिचं बोट तिथेच राहिलं.

आपल्या घरात चमचे डुगडुगतात, कारण ते आपण वाकवलेत. मग सकाळी सरोजिनी नगरमध्ये चमचा का डुगडुगत होता?

काखेत कळसा आणि गावाला वळसा! जगातला दुसरा कुठलाही माणूस त्या चमच्याकडे टकमक बघत राहिला असता. तिलाच तेवढं त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, कारण असाच चमचा ती रोज हातात धरत होती. चिकटपट्टी लावलेला अंगठा तिला आठवला. सालं निघालेला तिचा स्वतःचा अंगठा आठवला. लुकलुकणारे डोळे आठवले.

"आई, तुझ्याकडे चांदीचं काही आहे? चमचा, पळी, काहीही?"

"देवपूजेची पळी आहे. ती वाकवलीस तर बघ!"

"नाही गं, फक्त आमटीत बुडवायचीय!"

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण शिवांगीनं गॅस लावलासुद्धा.

६

संध्याकाळी 'तूपभात'मध्ये तेच लांब टेबल होतं, तीच माणसं होती. यशोधन हाताची घडी घालून लांब उभा होता. सुरेखा मॅडम शेजारच्या टेबलावर अनोळखी गिऱ्हाईक असल्यासारख्या वरणभात खात होत्या.

शिवांगीनं कढत खिरीचं मोठं पातेलं मागवलं. त्यात एका बाजूनं खोटा चमचा ठेवला आणि दुसऱ्या बाजूनं आईची चांदीची पळी. मग ती चिमीशी खेळली, रुचिताशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. लोक चुळबुळायला लागले तेव्हा म्हणाली, "चेतनाताई, दोन्ही बाहेर काढा ना जरा."

चेतनानं चमचा सहज उचलला. मग पळीचा दांडा धरला आणि "आई गं!" करून हात झटकला.

"चांदी अशी असते," शिवांगी म्हणाली. "उष्णता सरळ टोकापर्यंत घेऊन जाते. काल हा चमचा सगळे फोटो होईपर्यंत वाफाळत्या खिरीत उभा होता. दादांनी तो निवांत उचलला. त्यांची बोटं निबर नाहीत, आजी. चमचा खोटा होता. आणि तेव्हा मी त्या तिकडच्या टेबलावर होते, तुम्ही मला अजून हाकही मारली नव्हती."

अनुराग व्हिडिओ पुन्हा लावून बघू लागला. शिवांगीनं फोटोचं सांगितलं, सोमवारचं आणि शुक्रवारचं सांगितलं. चेतना जळलेली बोटं पाण्यात बुडवून ऐकत होती. "म्हणजे मी खोट्याच चमच्याचे फोटो काढले?" ती पुटपुटली. "आणि चांदीचा धंदा करते मी!"

"कुणी चोरला मग?" आजींनी विचारलं.

"कुणीच नाही." शिवांगीनं टेबलावरचा स्टीलचा चमचा उचलला. "हे वाकवायला शिकताना फार त्रास होतो, आजी. स्टील हट्टी असतं. अंगठा सोलून निघतो. घरातले चमचे एकेक करून बिघडतात, सरळ केले तरी ताटलीत डुगडुगत राहतात. आणि शिकणाऱ्याला एक दिवस वाटतं, एकदा तरी सहज वाकावा. एकदाच. चांदी मऊ असते म्हणतात." ती थांबली. पुढचं नाव तिला घ्यायचं नव्हतं. ज्याचं त्यानं घ्यावं, असं तिला वाटत होतं. तिनं तो चमचा टेबलावरून संग्रामपुढे सरकवला.

संग्रामनं तो उचलला. बाकी कुणीही दांड्याच्या टोकाला धरला असता. त्याची दोन बोटं थेट मानेवर गेली आणि अंगठा मागून आपसूक टेकला. ते बघून शेजारच्या टेबलावर सुरेखा मॅडमचा घास हातातच राहिला.

"मी इथे टेबल बुक करायला आलो होतो ना, तेव्हा यांचा खेळ बघितला," संग्राम म्हणाला. "आई, असं काही मी जन्मात बघितलं नव्हतं. ऑफिसात दिवसभर माझ्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. वाटलं, चिमी मोठी होईल तेव्हा तिला सांगता येईल, माझ्या मामाला जादू येते. व्हिडिओ बघून शिकायला लागलो. जमेचना. बुधवारी तुझा चमचा काढला. आणि आई, तो वाकला! लोण्यासारखा! मी एकटाच ओरडलो घरात. सरळ केला, परत वाकवला. परत सरळ केला. मग कट् झालं."

त्यानं खिशातून लाल रुमाल काढला. आत दोन तुकडे होते. दांडा, कमळासकट, आणि वेगळी झालेली चमच्याची छोटीशी वाटी.

"करोल बागेतून तसाच दिसणारा जर्मन सिल्व्हरचा आणला. जोडून घेऊन गुपचूप ठेवणार होतो. मग काल हे सगळं झालं. मी बोलायला उठलोसुद्धा होतो. सगळे एकदम वळले आणि माझी जीभच उचलेना."

"माझ्याकडे वळले होते सगळे, दादा," शिवांगी म्हणाली. "चोर म्हणून. आणि तुम्ही मला पोहे खायला घातलेत."

संग्रामनं मान खाली घातली. "माफ करा. याच्याहून वाईट मी काही केलेलं नाही आयुष्यात."

आजींनी दोन्ही तुकडे तळहातावर घेतले. त्यांनी चष्मा लावून कमळ बघितलं. मग ती तुटकी वाटी दोन बोटांत धरली आणि सरळ खिरीत बुडवली.

"हाय हाय हाय!" त्या ओरडल्या, वाटी ताटलीत टाकली आणि बोटं झटकत हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, भाजल्याचं की कशाचं, कोण जाणे. "हीच! हीच माझी! रुचिता, आण पोरीला इकडे."

खीर निवेपर्यंत सगळे फुंकर घालत बसले, यशोधनसुद्धा. मग आजींनी वाटी लेकाच्या हातात दिली. "धर. दांडा नाही म्हणून काय झालं? आमच्या वेळी बोंडल्यानं पाजायचेच की."

"बोंडलं म्हणजे?" शिवांगीनं हळूच विचारलं.

"तू दिल्लीतच वाढलीस ना? तरीच. हे असंच असतं, छोटं, चोच असलेलं. सांगते नंतर."

संग्रामनं ती चिमुकली वाटी बोटांत धरली आणि चिमीच्या ओठांना लावली. चिमीनं चाखलं, विचार केला आणि वाटीच पकडली. आता मात्र टाळ्या अशा वाजल्या, की बाकीच्या टेबलांवरचे लोक काही न कळताच त्यात सामील झाले.

"आणि तू," आजी लेकाला म्हणाल्या, "लपूनछपून शिकू नकोस. हिला ज्यांनी शिकवलं त्यांच्याकडे जा. शिकायचं तर तुटायच्या आत थांबायला शिक."

"स्टील किलोवर मिळतं," शेजारच्या टेबलावरून सुरेखा मॅडम म्हणाल्या. "शनिवारी सकाळी या."

मग आजी शिवांगीकडे वळल्या. त्यांनी बोटातली अंगठी जोर लावून काढली, जुनी, झिजलेली, लाल खड्याची, आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"ही गायब करून दाखव."

शिवांगीनं अंगठी तळहातावर तशीच धरली. "मला अजून येत नाही, आजी. मी फक्त चमचेच शिकलेय."

"मग नुसती सांभाळ," आजी उठता उठता म्हणाल्या. "मला हात धुवायचेत."

आणि मागे वळूनही न बघता त्या बेसिनकडे निघून गेल्या.